सुपारीचे काम आणि हरवलेली सुटी



‘गिग’ हा शब्द मूळचा अमेरिकेतल्या वादकांचा. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील जॅझ वादक एका रात्रीच्या कार्यक्रमाला ‘गिग’ म्हणत. वाजवावे, पैसे घ्यावेत आणि पुढच्या गावाला निघावे. आज हा शब्द अर्थशास्त्राच्या ग्रंथांत मोठ्या दिमाखाने वावरतो आहे. मराठी माणसाला मात्र त्याचा अर्थ फार समजावून सांगावा लागू नये. आपल्याकडे याला ‘सुपारी’ म्हणतात. (पुढे गुन्हेगारांनी तो शब्द पळवून नेला, हा भाग निराळा.) वाजंत्री सुपारी घेतो, गोंधळी सुपारी घेतो, तमाशाचा फड सुपारी घेतो. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, यात्रेची तारीख सांगतात, बिदागी ठरते आणि सुपारी दिली जाते. दसऱ्याला बाहेर पडलेला फड बुद्धपौर्णिमेच्या सुमारास घरी परततो. पावसाळ्यात तंबू बंद.

ते जिणे सुखाचे होते असा दावा कोणीही करणार नाही. तमाशा कलावंतांच्या हालअपेष्टा महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिल्या आहेत. पण त्या जुन्या सुपारीला एक तारीख होती, एक गाव होते, समोर बसून सौदा करणारा माणूस होता आणि मुख्य म्हणजे तिला शेवट होता. आरती झाली, तंबू उतरला, की पुढच्या सुपारीपर्यंतचा वेळ कलावंताचा स्वतःचा. आज संगणकावर घरबसल्या जी नवी सुपारी घेतली जाते, तिच्यात नेमकी हीच गोष्ट उरलेली नाही. काम आणि विसावा यांतील कुंपण कोठे आहे, हे ते काम करणाऱ्यालाच सांगता येत नाही.

गिग कामगार म्हटले, की पाठीवर चौकोनी पेटी बांधून दुचाकीवरून धावणारा तरुण डोळ्यांसमोर येतो. तो रस्त्यावर दिसतो, म्हणून त्याच्याविषयी निदान हळहळ तरी व्यक्त होते. नीती आयोगाने जून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२०-२१ या वर्षी देशात ७७ लाख गिग कामगार असल्याचा अंदाज दिला आहे. २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असे तो अहवाल म्हणतो. या समुदायातील एक वर्ग मात्र घराच्या चार भिंतींआड बसलेला असतो. भाषांतर, चित्रांची सजावट, संकेतस्थळांची बांधणी, हिशेबाच्या नोंदी, संगणकाला शिकवण्यासाठी हजारो छायाचित्रांवर लावायच्या खुणा अशी ही कामे. ऑनलाइन मंचावर परदेशातला कोणी काम टाकतो, जगभरातून त्यावर बोली लागतात आणि ते एकाला मिळते. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या इंटरनेट संस्थेने २०१७ साली इंग्रजीतील प्रमुख मंचांचा अभ्यास केला, तेव्हा अशा कामगारांपैकी सुमारे २४ टक्के भारतातील असल्याचे आढळले. कोणत्याही देशाचा हा सर्वांत मोठा वाटा होता.

या व्यवसायाची जाहिरात एका वाक्यात होते. ‘तुम्हीच तुमचे मालक.’ हवे तेव्हा काम करा, नको तेव्हा करू नका. नाशिक वा साताऱ्यात आई-वडिलांजवळ राहून डॉलरमध्ये कमाई करा. या आश्वासनात तथ्य अजिबात नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्या-मुंबईच्या गर्दीत न जाता, भाड्याच्या खोलीत न राहता, गावातच आपल्या बुद्धीच्या बळावर उभे राहिलेले अनेक तरुण आहेत. पायाने अधू असलेल्यांना, अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करणाऱ्या मुलीला या कामाने आधार दिला आहे. प्रश्न आहे तो ‘हवे तेव्हा’ या दोन शब्दांचा. हवे तेव्हा म्हणजे कोणाला हवे तेव्हा?

घड्याळाकडे पाहू या. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा झालेले असतात. कॅलिफोर्नियात नऊ वाजतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. ग्राहकाचा दिवस सुरू होतो तो आपल्या सांजवातीच्या वेळी, नाहीतर निजानिजेच्या वेळी. पंचवीस वर्षांपूर्वी कॉल सेंटरे निघाली, तेव्हाही रात्री जागणाऱ्या पिढीविषयी चिंता व्यक्त झाली होती. परंतु त्या मुलांना पाळी ठरलेली होती, न्यायला-आणायला गाडी होती, महिन्याला पगार होता आणि आठवड्याला सुटी होती. पाळी संपली की फोन दुसऱ्याच्या कानाला. आजच्या एकट्या कामगाराची पाळी संपतच नाही, कारण ती कधी सुरू होईल हे त्याला ठाऊक नसते.

येथे एका जुन्या यंत्राची गोष्ट सांगण्याजोगी आहे. १७७० साली व्हिएन्नात, सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या दरबारात, वोल्फगांग फॉन केम्पेलन नावाच्या गृहस्थाने बुद्धिबळ खेळणारे यंत्र सादर केले. पेटीमागे फेटा बांधलेला एक तुर्की पुतळा बसलेला असे आणि तो हाताने सोंगट्या हलवी. या यंत्राने नेपोलियनलाही हरवले. साऱ्या युरोपने तोंडात बोटे घातली. वस्तुतः पेटीच्या आत एक जिवंत बुद्धिबळपटू अंग चोरून बसलेला असे! २००५ साली ॲमेझॉनने छोटी छोटी कामे वाटणारा मंच सुरू केला, तेव्हा त्याला याच पुतळ्याचे नाव दिले, ‘मेकॅनिकल टर्क’. ज्याने हे नाव सुचविले, त्याने नकळत सत्यच सांगून टाकले. यंत्र हुशार दिसते, कारण पेटीत माणूस आहे. आणि पेटीत बसलेल्या माणसाला पाय पसरण्याची मुभा नसते.

अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ मध्ये या मंचावरील २,६७६ कामगारांच्या सुमारे ३८ लाख कामांचा हिशेब मांडला. मध्यम कामगाराची कमाई तासाला साधारण दोन डॉलर निघाली. ती इतकी कमी का, याचे कारण आपल्या विषयाच्या गाभ्याशी जाऊन भिडते. काम शोधण्यात गेलेला वेळ, केलेले पण ग्राहकाने नाकारलेले काम, अर्धवट सोडावे लागलेले काम यांचा छदामही मिळत नाही. म्हणजे तो माणूस बसलेला असतो, डोळे पडद्यावर असतात, मान आखडलेली असते. पण हिशेबाच्या वहीत तो वेळ ‘काम’ नसतो. मग ती विश्रांती म्हणायची काय? तीही नव्हे. या तिसऱ्या प्रकारच्या वेळेला नावच नाही. गिरणीच्या कामगाराला भोंगा होईपर्यंत राबावे लागे, पण भोंग्याच्या आधी आणि नंतरचा वेळ कोणत्या खात्यात टाकायचा, असा प्रश्न त्याला पडत नसे. मराठीत आपण याला ‘ताटकळणे’ म्हणतो. या नव्या कामगाराचे आयुष्य कामाने खाल्लेले नाही, ते ताटकळण्याने खाल्ले आहे.

ही वाट पाहणे सोडता का येत नाही? कारण मंचावर माणसाची पत ताऱ्यांत मोजली जाते. निरोपाला उत्तर किती लवकर दिले, मागील ग्राहकाने किती तारे दिले, यावर पुढचे काम अवलंबून असते. काही मंचांवर तर बोली लावण्यासाठीही पैसे मोजावे लागतात. तासाच्या बोलीवर काम घेतले, तर अपवर्कसारख्या मंचाची आज्ञावली दर दहा मिनिटांच्या टप्प्यात एकदा कामगाराच्या पडद्याचे छायाचित्र घेते आणि कळफलकावर बोटे किती वेळा पडली याची नोंद ठेवते. सातासमुद्रापलीकडचा ग्राहक ते सारे पाहू शकतो. इतक्या बारकाईने मुकादमानेही कधी पाहिले नसेल. आणि तरीही कागदोपत्री हा माणूस ‘स्वतःचा मालक’! नोव्हेंबर २०२२ नंतर लेखन-भाषांतराची कामे करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता हाताशी आल्यापासून तर आज आलेले काम उद्या येईल की नाही, ही धास्ती वाढली आहे. धास्तावलेला माणूस सुटी घेत नाही.

यात घरातील स्त्रीची गोष्ट आणखी वेगळी. ‘घर सांभाळून कमवा’ या वाक्याने ती या कामाकडे वळते. केंद्र शासनाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया विनामोबदला घरकामासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर घरकामाला हात लावणारे पुरुष ८८ मिनिटे. या जवळजवळ पाच तासांवर ऑनलाइन कामाचे चार-पाच तास चढवले, तर विसाव्याला दिवसाचा कोणता कोपरा उरला? मुले झोपल्यावर ती संगणक उघडते आणि सकाळी डब्यासाठी सर्वांआधी तीच उठते. या व्यवस्थेला ‘लवचीकता’ असे गोंडस नाव आहे. लवचीक नेमके कोण झाले, याचा विचार घरातील पुरुषांनी करावयास हवा.

आता एक मूलभूत मुद्दा. विश्रांती ही वैयक्तिक शिस्तीची बाब आहे, असा समज अलीकडे पक्का झाला आहे. वेळेचे नियोजन शिका, भ्रमणध्वनी बंद ठेवा, पहाटे उठून प्राणायाम करा. सल्ले चांगलेच आहेत. परंतु आपल्या समाजाचा अनुभव निराळे सांगतो. सुटी ही एकट्याने घेण्याची वस्तूच नव्हे, ती सर्वांनी मिळून घ्यायची असते. महाराष्ट्राच्या अनेक भागांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, कारण तो महादेवाचा वार आणि नंदी त्याचे वाहन. एखाद्याने सोमवारी औत धरले, तर गाव त्याला नावे ठेवी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तुपा-हळदीने मळून त्याला जेवणाचे आवतण देण्याची रीत आजही आहे. मुक्या जनावराची सुटी त्याच्या धन्याच्या मर्जीवर न सोडता धर्माने ती साऱ्या गावावर बंधनकारक केली. धर्म या शब्दाचा हा अर्थ सांगायला आपण विसरतो.

गिरण्या आल्या आणि ते बंधन तुटले. मुंबईच्या गिरणीत माणूस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबू लागला, त्याला बैलाचा सोमवारही उरला नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली आणि आठवड्याच्या सुटीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तिच्यात दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हे मुंबईतल्या घाटावरच्या कामगाराला वेगळे सांगावे लागले नसेल. आज आपण ज्या रविवारी निवांत उशिरा उठतो, तो असा मिळवलेला आहे.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. त्या काळी कारखाना कायद्यांना अनेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांनीही विरोध केला होता. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना भारतीय गिरण्या बुडवायच्या आहेत, म्हणून त्यांना येथील मजुराचा कळवळा आला, असा त्यांचा संशय होता आणि तो निराधार नव्हता. पण मजुराला दिलेल्या सुटीने गिरण्या बुडाल्या नाहीत. पुढे १९४६ साली कायद्यातील दुरुस्तीने आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. त्यामागे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर खात्याचे सदस्य या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलेले परिश्रम होते. आजही ‘फार बंधने घातली तर काम मनिलाला किंवा ढाक्याला जाईल’ हा युक्तिवाद ऐकू येतो. त्यात काहीच तथ्य नाही असे नाही. मात्र तो एकशेतीस वर्षांचा जुना आहे, एवढे लक्षात ठेवावे.

१८९० याच वर्षी मुंबईत डबेवाल्यांच्या व्यवस्थेची सुरुवात झाली, असे मानले जाते. डबेवाल्यांच्या अचूकपणाचे गोडवे परदेशातील व्यवस्थापन संस्थांनी गायले. त्यांच्या सुटीकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. दरवर्षी एप्रिलच्या सुमारास मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतील ग्रामदैवतांच्या यात्रा असतात आणि मुंबईचे डबेवाले एकदम पाच-सहा दिवस गावी जातात. सगळेच जातात, त्यामुळे ‘मी गेलो तर माझा डबा दुसरा उचलील’ ही भीती कोणालाच नसते. ग्राहकाला आधी सांगितलेले असते, त्याची तक्रार नसते. ज्यांना शाळेची पायरी फारशी चढता आली नाही, त्यांना हे साधले. पदवीधर, इंग्रजी बोलणाऱ्या, डॉलरमध्ये कमावणाऱ्या तरुणाला साधत नाही, कारण तो संघटित नाही. शेजारच्या गल्लीत त्याच मंचावर बोली लावणारा दुसरा तरुण आहे, हेही त्याला माहीत नसते.

कायद्याने काय केले? सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने प्रथमच ‘गिग कामगार’ आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ यांची व्याख्या केली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली. कामे वाटणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम, कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, अशी तीत तरतूद आहे. राजस्थानने २०२३ साली या कामगारांसाठी देशातील पहिला स्वतंत्र कायदा केला होता. विमा, नोंदणी, आजारपणात आधार या दिशेने हे पाऊल मोलाचेच आहे. तथापि कामाचे तास आणि साप्ताहिक सुटी यांचे नियम ज्या दुसऱ्या संहितेत आहेत, तिच्यात या कामगाराला स्थान नाही. म्हणजे आजारी पडल्यावर काय, याचा विचार झाला. आजारी पडूच नये म्हणून काय, याचा व्हायचा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी अधिक असतो. आणि येथे तर तास मोजणाराच कोणी नाही.

एप्रिल १९६५ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी मुंबईत चार व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. शरीर, मन, बुद्धी आणि आत्मा या चारही अंगांचा विचार केल्याशिवाय माणसाच्या सुखाचा विचार पूर्ण होत नाही, हे त्याचे सूत्र. या व्यवसायात बुद्धीला काम आहे आणि पोटाला अन्न आहे, हे खरे. पण मनाला माणसे लागतात. संध्याकाळच्या शाखेत मैदानावरची संख्या का रोडावली, याची कारणे शोधताना कार्यकर्ते मुलांच्या शिकवण्यांकडे बोट दाखवतात. साडेसहा-साडेसातला न्यूयॉर्क उघडते, हेही एक कारण आहे. घरातल्या आरतीला, शेजारच्या साखरपुड्याला, मित्राच्या कट्ट्यालाही हा तरुण हळूहळू दिसेनासा होतो. आणि दिवसा दिसला, तर ‘घरीच तर असतोस’ म्हणून त्याला गॅसचा सिलिंडर आणायला धाडले जाते. लग्नाच्या बाजारात तर ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नापाशीच गाडी अडते.

दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळमध्ये भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, तेव्हा कामगार म्हणजे कारखान्यातला, असेच चित्र होते. कामगार फाटकाशी भेटत असे, तेथेच सभा होत असे. ज्याला फाटकच नाही, त्याला गाठायचे कोठे? याचे उत्तर शेतीतल्या एका जुन्या रीतीत सापडण्यासारखे आहे. एक बैल असलेले दोन शेतकरी एकत्र येत, एकमेकांची शेते नांगरून देत. तिला सावड म्हणत. या कामांतही सावड शक्य आहे. मेरी ग्रे आणि सिद्धार्थ सुरी यांनी भारत आणि अमेरिका या दोन्ही देशांतील अशा कामगारांचा अभ्यास करून २०१९ साली ‘घोस्ट वर्क’ हे पुस्तक लिहिले. मंचाने सोय केलेली नसतानाही हे कामगार एकमेकांना फोनवरून काम सुचवतात, अडचण सोडवून देतात, सोबत करतात, असे त्यांना आढळले. स्वभावतः सावड चालूच आहे, तिला घडी बसवायची आहे. एका गावातील चार-पाच भाषांतरकारांनी वा चित्रकारांनी एकत्र येऊन ग्राहक सांभाळले, आठवड्यातील एक दिवस एकाने दुसऱ्याची खिडकी राखली, तर प्रत्येकाला एक पूर्ण दिवस मोकळा मिळतो. ग्राहकाला चार तासांत उत्तर मिळाल्याशी मतलब, ते कोणी दिले याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नसते. ज्या मंचांचे नियम दुसऱ्याच्या खात्यावरून काम करू देत नाहीत, तेथे मंडळाच्या नावाने एकच खाते काढण्याची सोय काही ठिकाणी आहे, तिचा उपयोग करावा.

गावातील वाचनालयाची खोली दुपारी रिकामी असते. कार्यालयातील संगणकाची जोडणी रात्री पडून असते. अशा ठिकाणी या मंडळींना बसण्याची जागा दिली, तर निदान एकमेकांची तोंडे दिसतील आणि कुलूप लावण्याची एक वेळ ठरेल. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रे बंद ठेवून त्यांना झेंडूची माळ घालतात. त्या दिवशी सुतार करवतीला हात लावत नाही. यंदा आपल्या घरातील संगणकाची पूजा होईल, हळदकुंकू वाहिले जाईल. त्यानंतर तो पुन्हा किती वाजता उघडायचा, हे घरातील सर्वांनी बसून आधी ठरवावे आणि तसे ग्राहकाला आठ दिवस अगोदर कळवून टाकावे.